कॅम्पेन सहा तासांचं, दर पूर्ण गेमचा : घ्यायचं की थांबायचं?

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत, १० ऑक्टोबर २०२५ रोजी ‘बॅटलफील्ड ६’ बाजारात आला. दिवाळीला महिना व्हायच्या आत, १४ नोव्हेंबरला ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स ७’ आला. दोन्ही बंदूकबाजीचे, म्हणजे शूटर प्रकारातले गेम. दोन्हींची अमेरिकेतली किंमत ७० डॉलर. आपल्याकडे असे गेम पीसीवर साधारण चार हजारांपासून सुरू होतात आणि कन्सोलवर पाच हजारांच्या आसपास, कधी त्याहून वर जातात. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात ज्यांच्या घरी पीएस५ किंवा बऱ्यापैकी गेमिंग पीसी आहे, तिथे या दोन महिन्यांत एक वाद ठरलेला : एका गेमला एवढे पैसे घालायचे?

दोन गोष्टी आधीच मोकळ्या केलेल्या बऱ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यातली बंदी पैसे लावून, पैसे जिंकण्यासाठी खेळायच्या गेमांवर आहे. एकदा दाम मोजून विकत घ्यायचे हे गेम त्यात येत नाहीत, तेव्हा आईवडिलांनी त्या भीतीने नाही म्हणायचं कारण नाही. नाही म्हणायला दुसरं कारण आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’वर अमेरिकेत १७ वर्षांवरील आणि युरोपात १८ वर्षांवरील असा शिक्का असतो. हट्ट धरणारा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर पुढचा सगळा हिशेब वाचायची गरजच नाही.

जे रोज रात्री जेवणं झाली की मित्रांबरोबर ऑनलाइन बसतात, त्यांचा प्रश्न सोपा आहे. त्यांच्यासाठी तोच गेम सहा महिने, वर्षभर चालतो. पाच हजार गेले तरी महिन्याला चार-पाचशेच पडतात. केबलला, ओटीटीला तेवढे जातातच. ‘बॅटलफील्ड ६’च्या पहिल्या तीन दिवसांत ७० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्याचं ईए कंपनीने जाहीर केलं, त्यातले बहुतेक गिऱ्हाईक याच जातीचे.

अडचण दुसऱ्या गिऱ्हाइकाची आहे. त्याला ऑनलाइन खेळायचं नाही. पंधरा वर्षांच्या पोरांच्या हातून दर अर्ध्या मिनिटाला मरण्यात त्याला रस नाही, आणि हेडफोनवर ऐकू येणाऱ्या शिव्यांत तर नाहीच नाही. त्याला गोष्ट हवी, पात्रं हवीत, एकट्याने खेळून संपवता येईल अशी मोहीम हवी. गेमच्या भाषेत कॅम्पेन. प्रश्न त्याचा आहे : फक्त कॅम्पेनसाठी पूर्ण दर द्यावा का?

आयजीआयची पिढी

हे गिऱ्हाईक कोण, हे सीमाभागात कुणाला सांगायला नको. २००० सालाच्या अखेरीस नॉर्वेच्या एका स्टुडिओने केलेला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ हा गेम आला आणि पुढची काही वर्षं देशभरातल्या नेट कॅफेंत आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो ठाण मांडून बसला. त्यात मल्टिप्लेअर नव्हताच. एक माणूस, एक मिशन. मधे सेव्ह करायची सोयही नव्हती, त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर गोळी लागली की पुन्हा पहिल्यापासून. विकत घेऊन खेळलेले त्यात किती होते, हे न विचारलेलं बरं.

ती पोरं आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. कुणी उद्यमबागेत सुपरवायझर आहे, कुणी पुण्यात आयटीत, कुणी खानापूरला शिक्षक. आता गेम विकत घ्यायची त्यांची तयारी आहे, वेळ मात्र नाही. रात्री साडेदहाला मुलं झोपली की तासभर मिळतो, तोही रोज नाही. मधेच दारावर कुणी येतं, मूल रडतं, वीज जाते. अशा माणसाला गेम कुठेही थांबवता येणं आणि थांबला तिथून परत सुरू होणं, हे ग्राफिक्सपेक्षा महत्त्वाचं आहे. पैशाचंही तसंच. महिन्याला वीस-पंचवीस हजार घरी आणणाऱ्याला पाच हजार म्हणजे मुलाच्या शाळेची फी किंवा स्कूटरचे दोन हप्ते. तेव्हा हा प्रश्न त्याच्यासाठी चैनीचा असला तरी थट्टेचा नाही.

कॅम्पेनचा खरा दर कंपनीनेच एकदा सांगितला आहे

पूर्ण दर कशाचा असतो, हे आधी पाहू. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ किंवा ‘बॅटलफील्ड’च्या पाकिटात दोन-तीन वेगळे गेम एकत्र बांधलेले असतात. एक कॅम्पेन, एक ऑनलाइन मल्टिप्लेअर, आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’मध्ये बहुधा झोंबी मोड. दर सगळ्यांचा मिळून. पंगतीचं पूर्ण ताट घेतलं आणि त्यातलं फक्त श्रीखंड खाल्लं, तरी पैसे ताटाचेच.

या ताटातल्या श्रीखंडाचा वेगळा दर एकदा लागला होता. २०२० साली ॲक्टिव्हिजनने ‘मॉडर्न वॉरफेअर २’चं नुसतं कॅम्पेन नव्याने रंगवून, मल्टिप्लेअरशिवाय, स्वतंत्र विकलं. किंमत २० डॉलर. तेव्हा पूर्ण नव्या गेमची किंमत ६० डॉलर होती, म्हणजे कॅम्पेन आलं तीनास एक. गेम अकरा वर्षं जुना होता, गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून दर कमी ठेवला असेल, असं कुणी म्हणेल आणि ते काही अंशी बरोबरही आहे. पण ते कॅम्पेन या मालिकेतल्या गाजलेल्या कॅम्पेनांपैकी एक आणि चित्रं पूर्ण नवी. निम्मा-निम्मा हिशेब धरला तरी कॅम्पेनची किंमत पूर्ण दराच्या जवळपास जात नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे. २०१८ चा ‘ब्लॅक ऑप्स ४’ कॅम्पेन न घालताच आला, तरी दर पूर्ण ६० डॉलर. २०२१ च्या ‘बॅटलफील्ड २०४२’मध्येही कॅम्पेन नव्हतं, दर पूर्ण. म्हणजे कॅम्पेन काढलं तरी ताटाचा दर एक डॉलरने उतरला नाही. कंपनीच्या हिशेबात कॅम्पेनला किती वजन आहे, ते यावरून कळावं. पुढे दोन्ही मालिकांत कॅम्पेन परत आलं. जाहिरातीला चेहरा लागतो, ट्रेलरमध्ये दाखवायला गोष्ट लागते. गिऱ्हाइकाने ते जाहिरातीच्या भावात घ्यावं की गोष्टीच्या, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तासाचा भाव काढून भागत नाही

अशा वेळी माणूस पहिल्यांदा तासाचा हिशेब मांडतो. ‘बॅटलफील्ड ६’च्या कॅम्पेनमध्ये नऊ मिशन आहेत, साधारण खेळणाऱ्याला पाच-सहा तास लागतात. चार हजार भागिले सहा, म्हणजे तासाला साडेसहाशेच्या वर. तुलनेला सिनेमा घ्या. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेमाच्या तिकिटावर कर सोडून २०० रुपयांची मर्यादा घातली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. तो २०० चा आकडा धरला तर अडीच तासांच्या सिनेमाचा तास ८० रुपयांना पडतो. गेम आठपट महाग.

हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. तासाचाच भाव बघायचा तर सत्तर-ऐंशी तासांचे, नकाशावर दोनशे ठिकाणं पेरलेले गेम सगळ्यात स्वस्त ठरतील. त्यांतले निम्मे तास घोड्यावरून किंवा जीपमधून या टोकाचं त्या टोकाला जाण्यात जातात. ज्याला आठवड्याला तीन तास मिळतात, त्याला असा गेम स्वस्त नव्हे, ओझं आहे. सहा महिने रखडतो आणि मग गोष्टच विसरायला होते.

उलट ‘टायटनफॉल २’ पाहा. २८ ऑक्टोबर २०१६ ला आला, आधीच्या आठवड्यात ‘बॅटलफील्ड १’ आणि पुढच्या आठवड्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी’. दोघांच्या मधे सापडून त्याची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. कॅम्पेन सहाच तासांचं, पण त्यातला एकही तास दुसऱ्यासारखा नाही. एका मिशनमध्ये बटण दाबलं की तीच इमारत भूतकाळात जाते आणि परत दाबलं की वर्तमानात येते; एका काळातली भिंत चुकवायची तर दुसऱ्या काळात उडी. ती करामत त्या एका मिशनपुरतीच आहे, पुढे ताणून वापरलेली नाही. जॅक कूपर नावाचा साधा शिपाई आणि बीटी नावाचं त्याचं अजस्र यंत्र, यांची मैत्री शेवटी घशात आवंढा आणते. सहा तासांत हे सगळं. आजही शूटर कॅम्पेनची चर्चा निघाली की हे नाव निघतंच.

तेव्हा तास मोजण्यापेक्षा वेगळ्या मिशनांची गिनती करावी. म्हणजे किती मिशनांत खेळणाऱ्याला काहीतरी नवं करावं लागतं आणि किती ठिकाणी नुसतं दाराआडून डोकं काढणाऱ्याला टिपत जायचं असतं. परीक्षण वाचताना किंवा यूट्यूबवर पहिला अर्धा तास बघताना हे बऱ्यापैकी कळतं. स्टीमवर आणखी एक सोय फुकट आहे. प्रत्येक गेमच्या पानावर अचिव्हमेंटची यादी असते आणि किती टक्के लोकांनी कोणतं मिशन पूर्ण केलं ते दिसतं. तिसऱ्या मिशनपर्यंत पोचलेले आणि शेवट गाठलेले यांच्यात फार मोठी दरी असेल, तर मधे कुठेतरी माणसं कंटाळलेली आहेत.

घाईत शिजवलेलं कळतं

या फुटपट्टीवर अलीकडची कॅम्पेनं टिकतात का? २०२३ चा ‘मॉडर्न वॉरफेअर ३’ आगाऊ पैसे भरणाऱ्यांना कॅम्पेन आठवडाभर आधी, २ नोव्हेंबरपासून, खेळायला देत होता. अनेकांनी ते चार-पाच तासांत संपवलं आणि गेम बाजारात यायच्या आधीच बोंब झाली. ‘आयजीएन’ने त्या कॅम्पेनला दहापैकी चार गुण दिले. बऱ्याच मिशनांत मोठं मोकळं मैदान, इकडेतिकडे ठेवलेली शस्त्रं आणि तीन-चार ठिकाणी जाऊन बटण दाबणं, एवढंच. ऑनलाइन ‘वॉरझोन’चा नकाशा घेऊन त्यात एकट्याला सोडल्यासारखं. हा गेम साधारण १६ महिन्यांत उरकल्याची आणि मुळात तो आधीच्या गेमची पुरवणी म्हणून सुरू झाल्याची बातमी ‘ब्लूमबर्ग’ने दिली, स्टुडिओच्या प्रमुखाने ती नाकारली. खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. खेळताना घाई दिसत होती.

‘बॅटलफील्ड ६’ची गोष्ट वेगळी पण शेवट जवळपास तोच. त्याच्या कॅम्पेनसाठी ‘हेलो’ घडवणाऱ्यांपैकी एक, मार्कस लेहटो यांच्या हाताखाली रिजलाइन नावाचा खास स्टुडिओ काढला होता. २०२४ च्या सुरुवातीला लेहटो बाहेर पडले, स्टुडिओ बंद झाला आणि काम ईएच्या दुसऱ्या स्टुडिओंकडे गेलं. अर्ध्यात सुतार बदललेल्या घराचं जे होतं तेच झालं. जिब्राल्टर, ब्रुकलिन, कैरो, ताजिकिस्तान अशी फिरती आहे. एका बाजूला नाटो, दुसऱ्या बाजूला ‘पॅक्स अर्माटा’ नावाचं खासगी सैन्य. भिंती कोसळतात, आवाज जबरदस्त. पण पथकातल्या सैनिकांची नावं चौथ्या मिशनपर्यंत लक्षात राहत नाहीत, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात, जिथे गल्लीगल्लीत कुणी ना कुणी फौजेत आहे, तिथे ‘सैनिक’ म्हणून दाखवलेली ही पुठ्ठ्याची माणसं जरा जास्तच खटकतात. वाईट नाही, बरं आहे. बरं असण्याला चार हजार जास्त आहेत.

थांबवता न येणारं कॅम्पेन

‘ब्लॅक ऑप्स ७’ने मात्र वेगळाच मुद्दा उभा केला, आणि आयजीआयवाल्या पिढीने तो नीट समजून घ्यायला हवा. त्याचं कॅम्पेन चार जणांनी मिळून ऑनलाइन खेळायला बांधलेलं आहे. एकट्यानेही खेळता येतं, पण बाजारात आला तेव्हा एकट्याच्या सोबतीला कॉम्प्युटरने चालवलेले साथीदार नव्हते. गोष्टीत चौघं बोलतात आणि मैदानात गोळ्या झेलायला एकटाच. इंटरनेट सतत चालू हवं. खेळ मधे थांबवायची, म्हणजे पॉज करायची सोय नाही. उठून चहा ठेवायला गेलं आणि फार वेळ हालचाल झाली नाही, तर गेम बाहेर काढतो. मिशन अर्ध्यात सुटलं की ते पहिल्यापासून.

पंचवीस वर्षांपूर्वी सेव्ह नव्हतं ते तंत्र तोकडं होतं म्हणून, असं तरी म्हणता यायचं. आज सगळं तंत्र हाताशी असताना हे केलंय. ज्या घरात संध्याकाळी दोनदा वीज जाते आणि पावसात फायबर तुटते, तिथे अशा कॅम्पेनला किंमत किती? खेळणाऱ्यांनी दिलेले गुण पाहिले तर नाराजी फक्त आपल्याकडची नाही. डिसेंबरमध्ये ॲक्टिव्हिजनने यापुढे ‘मॉडर्न वॉरफेअर’ किंवा ‘ब्लॅक ऑप्स’ मालिकेतले गेम लागोपाठच्या वर्षांत काढणार नसल्याचं जाहीर केलं. गिऱ्हाईक वैतागलं आहे, एवढं तरी तिथे पोचलेलं दिसतं.

थांबणाऱ्याचा फायदा

मल्टिप्लेअर ताजा असतो तेव्हाच मजा. वर्षभराने गेलं तर तिथे उरलेले सगळे तरबेज, नवख्याला उभं राहू देत नाहीत, आणि गर्दीही पांगलेली. कॅम्पेनचं तसं नाही. २०१६ चं कॅम्पेन आज खेळलं तरी तेच कॅम्पेन आहे, आणि मधल्या काळात त्यातल्या चुका दुरुस्त झालेल्या असतात. म्हणजे फक्त कॅम्पेन खेळणाऱ्याला पहिल्या दिवशी घेण्याची काही घाईच नाही. त्याच्या हातात वेळ आहे, आणि वेळ गेला की गेमचा दर उतरतो. ‘टायटनफॉल २’ स्टीमच्या सेलमध्ये कित्येकदा काहीशे रुपयांत मिळाला आहे. ‘डूम’चे आधीचे भागही तसेच. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ याला थोडा अपवाद, त्याचे जुने भागही वर्षानुवर्षं चढ्या दराला चिकटून असतात. तिथे जास्त थांबावं लागतं.

थांबण्यात दोन धोके आहेत. एक, गेम विक्रीतूनच निघून जातो. युद्धाची झिंग उतरवणारी गोष्ट म्हणून ज्याचं नाव घेतात तो ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ हा २०१२ चा गेम जानेवारी २०२४ मध्ये लायसन्सच्या कारणाने दुकानांतून काढला गेला. ज्यांनी घेतला होता त्यांच्याकडे राहिला, नव्याने घेणाऱ्यांना मिळेना. दुसरा धोका मोठा : सर्व्हरला बांधलेला गेम सर्व्हर बंद झाला की संपतो. यूबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम एकट्याने खेळता यायचा, पण इंटरनेट लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम सगळ्यांच्याच हातून गेला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली, २०२५ च्या जुलैत युरोपातल्या तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नियम आहे की डिजिटल माल विकताना गिऱ्हाइकाला मालकी नव्हे, परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं लागतं.

‘ब्लॅक ऑप्स ७’सारखं सतत ऑनलाइन लागणारं कॅम्पेन याच दुसऱ्या खात्यात पडतं. ते पूर्ण दराने घेण्यात अर्थ नाही आणि सेलची वाट बघत पाच वर्षांनी घेण्यातही फारसा नाही. एकट्याने खेळायची गोष्ट विकत घेण्यामागचा मूळ फायदाच तिथे गेलेला आहे.

खिशातले व्यावहारिक मुद्दे

आजचे मोठे शूटर शंभर जीबीच्या आसपास किंवा पुढे जातात. ३० एमबीपीएसच्या फायबरवर शंभर जीबी उतरायला साडेसात तास लागतात, म्हणजे ‘बॅटलफील्ड ६’चं कॅम्पेन संपवायला लागतात त्याहून जास्त. मोबाइलच्या रोज दोन जीबीवाल्या पॅकवर तर पन्नास दिवस. जुन्या पीसीवाल्यांनी आणखी एक बघायचं : ‘बॅटलफील्ड ६’ला सिक्युअर बूट चालू लागतं, आणि ‘डूम : द डार्क एजेस’ रे ट्रेसिंग येणाऱ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय सुरूच होत नाही. गेम चार हजारांचा आणि कार्ड पंचवीस हजारांचं, असं व्हायला नको.

पैसे परत मिळायची सोय स्टीमवर आहे. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. सहा तासांच्या कॅम्पेनमध्ये दोन तास म्हणजे एक तृतीयांश. मन ठरवायला पुष्कळ झाले. प्लेस्टेशनवर मात्र डाउनलोड सुरू झालं की सहसा दार बंद. तिथे डिस्क घेतलेली बरी. समजा पाच हजारांची डिस्क घेतली, आठ-दहा दिवसांत कॅम्पेन संपवलं आणि तापलेल्या बाजारात साडेतीन हजारांना पुढे दिली, तर कॅम्पेन पडलं दीड हजाराला. वर काढलेला तीनास एकचा भाव जवळपास हाच. उशीर केला की डिस्कचाही भाव पडतो, तेव्हा या मार्गाने जायचं तर लगेच घ्यावं, लगेच विकावं. अलीकडे काही डिस्कांवर गेमचा नाममात्र भाग असतो आणि बाकी सगळं डाउनलोड करावं लागतं. डिस्क नुसती किल्ली. विकायला तीही चालते.

भाड्याने घ्यायचा मार्ग म्हणजे गेम पास. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आता मायक्रोसॉफ्टचं असल्यामुळे ‘ब्लॅक ऑप्स ६’ आणि ‘७’ पहिल्याच दिवशी त्यात आले. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये अल्टिमेटचा दर भारतात महिन्याला ८२९ वरून १,३८९ रुपये झाला. एका महिन्यापुरता घेऊन एक कॅम्पेन संपवायचं तरी पूर्ण दरापेक्षा स्वस्तच. आपोआप पुढचा हप्ता कापला जाणार नाही एवढं पहिल्याच दिवशी बंद करून ठेवावं, नाहीतर वर्षाला साडेसोळा हजार होतात.

मग पूर्ण दर कुणाला?

ज्या गेममध्ये कॅम्पेन म्हणजेच सगळा गेम आहे, त्याला. मे २०२५ मध्ये आलेला ‘डूम : द डार्क एजेस’ याचं सरळ उदाहरण. मल्टिप्लेअर नाही, झोंबी मोड नाही, बनवणाऱ्यांची सगळी मेहनत २२ टप्प्यांच्या एका मोहिमेत. पंधरा तासांच्या आसपास चालते, हवं तिथे थांबवता येते, हातातल्या ढालीने खेळायची तऱ्हाच बदलली आहे. ज्याच्याकडे ते पेलणारं मशीन आहे आणि ज्याला ‘डूम’ची धडाकेबाज चाल आवडते, त्याने पूर्ण दर दिला तरी तो दर त्याला हव्या असलेल्या गोष्टीचाच आहे. तिथेही सेलपर्यंत थांबलं तर बिघडत नाही.

‘बॅटलफील्ड ६’ फक्त कॅम्पेनसाठी घ्यायचा असेल तर तेराशे-दीड हजाराच्या खाली येईपर्यंत थांबावं, किंवा डिस्क घेऊन फिरवावी. मित्रांबरोबर रात्री बसणार असाल तर वेगळं, मग कॅम्पेन फुकट मिळालं असं समजून खेळावं. ‘ब्लॅक ऑप्स ७’ एकट्याने खेळणाऱ्याने सेलमध्येही घेऊ नये. फारच उत्सुकता असेल तर एका महिन्याचा गेम पास पुरे. आणि त्या पाच हजारांतले पाचशे काढून ज्याने अजून खेळला नसेल त्याने ‘टायटनफॉल २’ घ्यावा. शंभर जीबीची भानगड तिथे नाही, आणि पाच-सात वर्षं जुन्या लॅपटॉपवरही, ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी असेल तर, तो चालतो.